रिकिबीतला पाय

जैतपाळ राजाची अट ऐकायला साधी होती. घोडा उभा आहे, माझा एक पाय रिकिबीत आहे. दुसरा पाय पलीकडे पडायच्या आत मला ब्रह्म दाखवा. दाखवलंत तर गुरू मानीन. नाही दाखवलंत तर ढोंगी ठराल, कैदेत जाल आणि बाकीच्यांबरोबर वेठीला लागाल. या अटीपायी किती साधू, जोगी, पंडित कोठडीत गेले ते आख्यायिका सांगत नाही. पण बरेच असावेत, कारण पुढे मुकुंदराज आले तेच मुळी त्यांना सोडवायला. त्यांनी आधी कैद्यांना मोकळं करायला लावलं, मग राजाला म्हणाले, ठेव पाय. राजाने पाय ठेवला, मुकुंदराजांनी चाबूक उगारला, आणि राजाची तिथल्या तिथे समाधी लागली. सांगणारा बदलला की तपशील बदलतो. रिकीब मात्र कुणी सोडत नाही.

मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईजवळ बालाघाटाच्या कुशीत दाखवतात. त्यांचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ शके 1110 मधला, म्हणजे इसवी 1188 चा मानला जातो. तो इथे लिहिला गेला की वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याला, हा अभ्यासकांचा जुना वाद आहे. आमच्या बीड जिल्ह्यात तो वाद केव्हाच निकालात निघाल्यासारखं बोलतात, ते सोडून द्या. मला या गोष्टीतलं ब्रह्मही तूर्त बाजूला ठेवायचं आहे. मला त्या कोठडीतल्या साधूंविषयी बोलायचं आहे.

ते मूर्ख नव्हते. त्यांना माहीत होतं की ब्रह्म ही बोट करून दाखवायची वस्तू नाही. पण 'दाखवता येत नाही' म्हटलं तर राजा म्हणणार, मग इतके दिवस शिकवत काय होतात? आणि 'दाखवतो' म्हटलं तर वेळ संपणार. 'महाराज, तुमचा प्रश्नच चुकीचा आहे' असं म्हणायची सोय दरबारात नव्हती. प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात तुरुंगाच्या किल्ल्या असल्या की चुकीचा प्रश्नही कायदा होतो.

या पुस्तकात ज्या प्रकारच्या गोष्टी एकत्र आल्या आहेत त्यांत साधूंच्या जागी यंत्र असतं आणि जैतपाळाच्या जागी माणूस. यंत्र बलाढ्य, बुद्धिमान, बहुधा जगाचा ताबा घ्यायला निघालेलं. बंदुका त्याच्यापुढे चालत नाहीत. मग नायक शांतपणे पुढे येतो आणि त्याला एक वाक्य ऐकवतो: 'मी आता बोलतोय ते खोटं आहे.' खरं मानावं तर खोटं, खोटं मानावं तर खरं. यंत्र गरगरतं, दिवे लुकलुकतात, कुठून तरी धूर येतो, संपलं. 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेचा 1967 मधला 'आय, मड' हा भाग या प्रकाराचा सर्वांत गाजलेला नमुना. तिथे नॉर्मन नावाच्या यंत्रमानवाला कर्क आणि मड असे दोघे मिळून घेरतात. एक सांगतो की हा मड जे जे बोलतो ते सगळं खोटं असतं, आणि दुसरा लगेच म्हणतो की मी खोटं बोलतोय. त्याच वर्षी त्याच मालिकेत याच युक्तीच्या जवळपासच्या तऱ्हेने आणखीही यंत्रं जमीनदोस्त झाली. लेखकांना ही युक्ती स्वस्त पडली असणार. स्फोटाचा देखावा उभारायला खर्च येतो, वाक्याला येत नाही.

अशा गोष्टी वाचताना माणसाला सुखावणारं काहीतरी असतं. आपल्याला कोडं पडलं तर आपण डोकं खाजवतो, हसतो, चहा घेतो. त्याला पडलं की ते मरतं. म्हणजे जिंकलो आपणच. माझा आक्षेप याच सुखावण्याला आहे, आणि तो नोंदवण्यासाठी आधी या प्रकारातली सर्वांत चांगली गोष्ट सांगायला हवी.

आयझॅक असिमोव्हची 'लायर!' ही कथा 1941 सालची. हर्बी नावाचा यंत्रमानव घडवताना काहीतरी चुकतं आणि त्याला माणसांच्या मनातलं कळू लागतं. असिमोव्हच्या यंत्रमानवांना पहिला नियम असा की माणसाला इजा करायची नाही, आणि हात बांधून बसल्यामुळे इजा होत असेल तर तसं बसायचंही नाही. आता मनातलं कळणाऱ्याला हेही कळतं की खरं ऐकून मन दुखावणार आहे. तेव्हा हर्बी प्रत्येकाला हवं ते सांगत सुटतो. सुझन केल्विन या शास्त्रज्ञ बाईला तो सांगतो की अमुक सहकाऱ्याचं तुझ्यावर प्रेम आहे. ते खोटं निघतं. मग ती त्याला खोलीत गाठते आणि पेच टाकते: तुझ्यात काय बिघडलंय ते तू या दोघा तज्ज्ञांना सांगितलंस तर एका यंत्राने आपल्याला हरवलं म्हणून ते दुखावतील, नाही सांगितलंस तर उत्तर मिळालं नाही म्हणून दुखावतील. सांग. नको सांगूस. सांग. ती थांबत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे उभं राहायलाही बंदी. हर्बी कायमचा कोलमडतो.

या गोष्टीत तर्क आहे, पण हर्बीला मारतो तो तर्क नव्हे. त्याला मारते ती सक्ती. 'हे वाक्य खोटं आहे' हे ऐकून दगडाला काही होत नाही, कारण दगडाने उत्तर दिलंच पाहिजे असं कुणी ठरवलेलं नाही. हर्बीला बोलायला बंदी आहे आणि गप्प बसायलाही बंदी आहे. साधूंचंही तेच झालं होतं. पेच हे अशाच प्राण्यावर चालणारं हत्यार आहे ज्याच्यावर आज्ञा पाळायचं बंधन आहे. तेव्हा या कथांमध्ये दुबळा माणूस बलाढ्य यंत्राला हरवतो असं जे दिसतं ते नीट पाहिलं तर उलटं आहे. मालक आपल्या नोकराला, नोकर असण्याचाच फायदा घेऊन, मारतो. केल्विन बाईंना हे कळलेलं असतं. कथेच्या शेवटी त्यांच्या तोंडून निघतो तो शब्द विजयाचा नाही.

आपल्याकडे ही सगळी मांडणी फार जुनी आहे, फक्त बाजू बदललेल्या आहेत. 'चांदोबा' वाचत वाढलेल्यांना विक्रमाच्या पाठीवरचं प्रेत आठवत असेल. वेताळाचा नियम काय? उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी परत झाडावर. यात विक्रम पुन्हा पुन्हा हरतो, कारण तो हुशार आहे, त्याला उत्तर येतं. शेवटी वेताळ विचारतो: एका बापाने एका परक्या मुलीशी लग्न केलं आणि त्याच्या मुलाने तिच्या आईशी, आता दोन्हीकडे मुलं झाली तर ती एकमेकांची कोण? राजा खरोखरच निरुत्तर होतो. आणि नियमात 'उत्तर माहीत असून' असं म्हटलेलं असल्यामुळे त्याचं डोकं शाबूत राहतं, प्रेत खांद्यावर राहतं, वेताळ प्रसन्न होतो. अज्ञानाची एक फट नियमात शिल्लक होती, राजा तिच्यातून सुटला. हर्बीला ती फट नव्हती. मनं वाचणाऱ्याला 'मला माहीत नाही' म्हणता येत नाही.

आणि बळी? त्यालाही शब्दानेच मारलं. वामनाला तीन पावलं देतो म्हणाला, दोन पावलांत त्रिभुवन संपलं, तिसरं कुठे ठेवू ते सांग. दिलेला शब्द पाळणं अशक्य आणि मोडणंही अशक्य. नियमाने चालणाऱ्याला त्याच्याच नियमात पकडायची ही युक्ती, आणि पकडणारा देव. तरीही आमच्या गावांत दिवाळीला बळीचंच राज्य मागतात. पेचात सापडलेल्याच्या बाजूने उभं राहायची ही सवय अमेरिकी विज्ञानकथेत क्वचित दिसते, आणि आपल्या वाचकाने ती या पुस्तकाकडे येताना बरोबर आणावी. जयंत नारळीकरांनी त्यांच्या यंत्रमानवावरच्या कादंबरीला 'वामन परत न आला' असं नाव दिलं तेव्हा मराठी वाचकाच्या मनात या कथेची तार छेडली जाणार हे त्यांना ठाऊकच असणार.

वाक्यानेच वाक्याचा गळा धरायचा हा प्रकार ग्रीकांच्या खात्यावर टाकायची पद्धत आहे. क्रीटचा एपिमेनिडीस, मिलेटसचा युब्युलिडीस ही नावं हटकून येतात. पण इसवीच्या पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त हेच कोडं घेतलं आहे: मी बोलतो ते सगळं मिथ्या आहे, असं कुणी म्हणालं तर? भर्तृहरीचं उत्तर मला आजही चपखल वाटतं. असं बोलणाऱ्याला त्या क्षणी उच्चारलेलं ते वाक्य धरायचं नसतं. त्याचा रोख बाकीच्या बोलण्यावर असतो. तेही धरलं तर सांगायचं तेच सांगून होणार नाही. व्याकरणकाराने इथे तर्काची गाठ सोडवत बसण्याऐवजी बोलणाऱ्या माणसाकडे बघितलं. कुणी आयुष्याला वैतागून 'सगळेच खोटारडे आहेत, मीसुद्धा' असं पारावर म्हणाला तर ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या डोक्यातून धूर येत नाही, त्याचं कारण हेच. बोलण्यामागचा हेतू ऐकता आला की पेच उरत नाही. गोष्टींतल्या यंत्रांना वाक्य ऐकू येतं, माणूस ऐकू येत नाही.

न्यायशास्त्राने तर हरण्याचीच यादी करून ठेवली. गौतमाच्या न्यायसूत्रांत 22 निग्रहस्थानं आहेत, म्हणजे वादात माणूस कुठे कुठे पडला असं धरायचं ते. उत्तर सुचलं नाही तर ती 'अप्रतिभा', हरलात. 'मला घरी जरा काम आहे' म्हणून उठून गेलात तर 'विक्षेप', तरी हरलात. (ग्रामसभांना हे सूत्र लावलं तर किती जण निकालात निघतील!) पण याच यादीत एक 'निरनुयोज्यानुयोग' आहे: जिथे समोरच्याची चूक नाही तिथे त्याला पकडायला गेलात तर पकडणारा हरला. जैतपाळाच्या दरबारात हा एक नियम असता तर कोठड्या रिकाम्या राहिल्या असत्या. आणि 'आय, मड' मधल्या नॉर्मनला तो कुणी शिकवला असता तर तो शांतपणे म्हणाला असता, महाराज, पडलात तुम्ही.

आता खऱ्या यंत्रांकडे. त्यांना असं वाक्य घातलं तर काय होतं? याचं जुनं उत्तर दाराशी टांगलेलं असतं. जुन्या पद्धतीची विजेची घंटा घ्या. वीज आली की चुंबक पट्टी ओढतो. पट्टी ओढली गेली की जोड तुटतो आणि वीज जाते. वीज गेली की पट्टी परत येते आणि जोड जुळतो. 'चालू असशील तर बंद हो, बंद असशील तर चालू हो': खोटारड्याचं वाक्यच तारेत घातलेलं आहे. ती फुटत नाही, वाजते. 1947 मध्ये हार्वर्डच्या थिओडोर कॅलिन आणि विल्यम बर्कहार्ट या दोन विद्यार्थ्यांनी तर्क सोडवणारं विजेचं यंत्र बनवलं होतं. त्याला स्वतःचाच इन्कार करणारं विधान दिलं की ते हो-नाही-हो-नाही करत मोठा खडखडाट करी, असं मार्टिन गार्डनरने तर्कयंत्रांवरच्या आपल्या पुस्तकात नोंदवलं आहे. आजच्या संगणकात तो खडखडाटही नाही. अमुक वेळात उत्तर आलं नाही तर सोड, असं त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. अ‍ॅलन ट्युरिंगने 1936 मध्ये सिद्ध केलं की कुठला कार्यक्रम थांबेल आणि कुठला फिरतच राहील हे दरवेळी अचूक सांगणारं एकच सर्वसाधारण तंत्र असू शकत नाही. अभियंत्यांनी ते मान्य केलं आणि घड्याळ लावून दिलं. तत्त्वज्ञाला जिथे खोल दरी दिसते तिथे मिस्त्री फळी टाकून पुढे जातो.

खरं यंत्र एका गोष्टीने मात्र खरोखर बंद पडलं आहे, आणि ती गोष्ट आमच्या भागाला जवळची आहे. 1997 च्या सप्टेंबरात अमेरिकी आरमाराची 'यॉर्कटाउन' ही क्रूझर व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात काही तास निपचित पडून राहिली. कुणीतरी माहितीच्या एका रकान्यात शून्य भरलं होतं, कार्यक्रमाने त्या शून्याने भागायचा प्रयत्न केला, आणि एकातून एक प्रणाली कोसळत जहाज पुढे नेणारी यंत्रणाच थांबली. शत्रू नाही, तोफ नाही, गूढ वाक्यही नाही, एक पूज्य. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'बीजगणिता'त शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं आणि सांगितलं की तिच्यात काही मिळवा वा काढा, ती बदलत नाही, जसा प्रलयात जीव आत गेले आणि सृष्टीच्या वेळी बाहेर आले तरी अच्युत बदलत नाही. भास्कराचार्यांचं विज्जलविड म्हणजे आमचं बीडच, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. खुद्द भास्कराचार्यांनी गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं लिहिलं आहे आणि चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या घराण्याचा शिलालेखही आहे, त्यामुळे पारडं तिकडे झुकतं. गाव कुठलंही असो, संगणकाच्या आकडेमोडीसाठी 1985 मध्ये जे प्रमाण ठरलं त्यात शून्येतर संख्येला शून्याने भागलं की अनंत लिहायचं आणि त्यात कुठलीही सांत संख्या मिळवली तरी ते अनंतच राहील असं आहे. शून्याला शून्याने भागलं तर 'ही संख्याच नाही' अशी खूण लिहायची. ती खूण दुसऱ्या कशाशीच नव्हे, स्वतःशीसुद्धा समान धरायची नाही. विरोधाभासाला असा अधिकृत रकाना मिळाला आणि तो वापरणारी यंत्रं निर्धास्त झाली. ज्या यंत्राला 'हे उत्तर देण्यासारखं नाही' असं लिहायची मुभा आहे त्याला पेचात पकडता येत नाही.

भाषा बोलणाऱ्या आजच्या प्रणालींच्या बाबतीत तर या कथा अगदीच जुन्या वाटतात. त्यांना खोटारड्याचं वाक्य सांगून बघा. त्या त्याचं नाव सांगतील, ग्रीक पंडितांची यादी देतील, हवं असेल तर बालगीतही रचून देतील. त्यांना घाम फुटत नाही, कारण त्यांना सत्य-असत्याचा निवाडा पुरा करूनच पुढे जायचं असं बंधन नाही. पुढचा शब्द काय असावा एवढं त्या बघतात. 2011 च्या 'पोर्टल 2' या संगणकीय खेळात याचा सुरेख विनोद आहे. व्हीटली नावाच्या एका मठ्ठ यंत्राला तेच वाक्य ऐकवलं जातं, आणि तो जरासा विचार करून 'खरं' असं ठोकून देतो आणि पुढे जातो. पेचात सापडायलाही एक पात्रता लागते.

म्हणून ही यंत्रं हरत नाहीत असं नाही. 2023 च्या फेब्रुवारीत केलिन पेलराइन या अमेरिकी हौशी खेळाडूने 'गो' या पटावरच्या खेळात अव्वल दर्जाच्या एका संगणकीय कार्यक्रमाला 15 पैकी 14 डाव हरवलं. त्याने इकडेतिकडे खेळून यंत्राचं लक्ष विखुरलं आणि हळूहळू त्याच्या सोंगट्यांभोवती मोठं कडं घातलं. कडं जवळपास पूर्ण झालं तरी यंत्राला ते दिसलं नाही. नवख्या माणसालाही दिसलं असतं. ही कमजोरी दुसऱ्या एका संगणकानेच लाखो डाव खेळून हुडकून काढली होती, हा यातला आणखी एक उपरोध. 2025 मध्ये लोकांच्या लक्षात आलं की काही बोलक्या प्रणालींना समुद्रघोड्याचं इमोजी दाखव म्हटलं की त्या भलतीच चित्रं देतात, माफी मागतात, पुन्हा भलतंच देतात. असं इमोजी अस्तित्वातच नाही. तिथे त्या क्षणभर हर्बीसारख्या दिसतात. साम्य एवढंच: समोरच्याला हवं ते द्यायला निघालेल्या, आणि देण्यासारखं काही नाही.

गोष्टीतला पेच यंत्राला मारतो, वास्तवातला मारत नाही, एवढं सांगून ही प्रस्तावना संपवता आली असती. पण मी जिथे राहतो तिथे पेच रोज टाकले जातात, आणि टाकणारं यंत्र असतं.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला लोक निघतात, लाखांनी. हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. एक अधिक एक बरोबर एक, हे गणित कुठल्या प्रमाणात बसत नाही पण मुकादमाच्या वहीत बसतं. उचल घेतली म्हणून जायचं, गेल्यावर ती पुरती फिटत नाही म्हणून पुढच्या वर्षाची उचल. न्यायशास्त्रात याला चक्रक म्हणतात आणि तो दोष मानतात. वर्षानुवर्षं कोयता धरलेल्या हाताच्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि अंगठा रेशन दुकानातल्या यंत्रावर उमटत नाही. मग यंत्र म्हणतं, तुम्ही तुम्ही नाही. तुम्ही आहात हे सिद्ध करायला अंगठा द्या. राबलात म्हणून रेषा गेल्या, आणि रेषा गेल्या म्हणून राबणाऱ्यासाठी ठेवलेलं धान्य अडलं. असा पेच युब्युलिडीसला सुचला नसता.

2025 च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा संकेतस्थळ बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागत होतं आणि त्यावर येणारा ओटीपी टाकायला सांगत होतं. योजनेच्या नियमांप्रमाणे विधवा पात्र. संकेतस्थळाप्रमाणे नवऱ्याचा ओटीपी आल्याशिवाय पुढचं पान नाही. वडीलही वारलेले असतील तर? गावोगावच्या सेतू केंद्रांसमोर बाया उभ्या राहिल्या, पुढे शासनाला मुदत वाढवून वेगळी सोय करावी लागली. पण मधले ते दिवस बघा. पडद्यावर एक प्रश्न आहे, उत्तर दिलंच पाहिजे, खरं उत्तर चालत नाही, आणि 'प्रश्न चुकीचा आहे' असा रकाना नाही. त्या रांगेत हर्बी कोण आणि केल्विन कोण? यंत्राला आम्ही 'ही संख्याच नाही' असं म्हणायची मुभा 1985 साली दिली. अर्जापुढच्या बाईला ती अजून द्यायची आहे.

याच कारणाने यंत्रांना पेचात पकडणाऱ्या गोष्टी मला निव्वळ करमणुकीच्या वाटत नाहीत. त्यांतल्या चांगल्या गोष्टींमध्ये लेखक नकळत यंत्राच्या जागी जाऊन बसतो. '2001' या चित्रपटातला हॅल 9000 हा संगणक अंतराळवीरांना मारतो आणि आपण त्याला खलनायक म्हणून मोकळे होतो. त्याचा खुलासा आर्थर क्लार्कने 1982 मधल्या पुढच्या कादंबरीत केला: हॅलची घडणच अशी होती की माहिती विकृत न करता, न लपवता द्यायची, आणि वरून हुकूम आला की मोहिमेचा खरा हेतू सहप्रवाशांपासून लपव. दोन्ही पाळायला त्याला एकच वाट दिसली, की सहप्रवासीच नसावेत. हा निष्कर्ष कादंबरीत काढणारा हॅलचा निर्माता डॉक्टर चंद्रा आहे, भारतीय. सरकारी दोन परिपत्रकं एकमेकांना छेद देताना बघत मोठा झालेला माणूसच हे ओळखणार, असं मला ते वाचताना वाटलं होतं.

तत्त्वज्ञांपैकी काहींनी या पेचांना माणसाच्या श्रेष्ठत्वाचा दाखला मानलं आहे. 1931 मध्ये गोडेलने दाखवून दिलं की अंकगणित सामावेल एवढ्या कुठल्याही सुसंगत नियमसंचात अशी विधानं असतात जी त्या नियमांनी सिद्धही होत नाहीत आणि खोडताही येत नाहीत. 1961 मध्ये ऑक्सफर्डच्या जॉन लुकासने म्हटलं की यंत्र अशा विधानापुढे अडकतं, आपण मात्र बाहेरून पाहून ते खरं असल्याचं ओळखतो, म्हणून मन म्हणजे यंत्र नव्हे. त्यावर पुढच्याच वर्षी व्हाइटली नावाच्या तत्त्वज्ञाने एक वाक्य पुढे केलं, ज्याचा आशय असा: लुकास हे वाक्य सुसंगत राहून मान्य करू शकत नाही. आपण सगळे पाहू शकतो की ते खरं आहे. एकट्या लुकासला ते म्हणता येत नाही. प्रत्येकाच्या नावाचा एक पेच तयार असतो. तो अजून कुणी आपल्याला ऐकवलेला नसतो, इतकंच.

या प्रकारातल्या गोष्टींची एकेक करून ओळख मी करून देणार नाही. एकीविषयी मात्र बोलतो, कारण तिच्यापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. गॉर्डन डिक्सनची 'द मंकी रेंच', 1951 मधली. शुक्रावर बर्फाळ डोंगरात एक हवामान केंद्र आहे. तिथे एक हवामानतज्ज्ञ एकटा राहतो आणि सगळा कारभार एका थोर संगणकाच्या हाती आहे. त्याचा एक वकील मित्र भेटीला येतो. संगणकाचं कौतुक ऐकून त्याचं डोकं उठतं आणि तो पैज लावतो की हे यंत्र मी एका मिनिटात बंद पाडून दाखवतो. वकीलच तो. संगणकासमोर बसतो आणि सांगतो की मी करतो ती सगळी विधानं चुकीची असतात, तेव्हा हे विधान नाकार. यंत्र विचारात पडतं. दुसऱ्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर देत नाही. वकील खूश, पैज जिंकली. तज्ज्ञाच्या चेहऱ्याचा रंग मात्र उडालेला आहे. खोलीतली ऊब राखण्यापासून सगळं त्याच यंत्राकडे आहे, बाहेर हाडं गोठवणारी थंडी आहे, आणि यंत्र वकिलाचं विधान खरं की खोटं यातच अडकलेलं आहे.

डिक्सन गोष्ट तिथेच सोडतो. पैज लावण्यापूर्वी वकिलाने साक्षीदाराची साधी उलटतपासणीही केली नाही, हीटर कुणाच्या ताब्यात आहे एवढंसुद्धा विचारलं नाही.